बाहेरून 'टाइम्ड आउट' येतंय? राउटर बदलण्याआधी पॅकेट कुठे अडतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मम्बलचा, म्हणजे गटाने एकमेकांशी बोलायच्या प्रोग्रामचा, सर्व्हर टाकला आहे. आठ मित्रमैत्रिणी रविवारी रात्री त्यावर एकांकिकांचं वाचन करतात. घरच्या वायफायवरून सगळं उत्तम चालतं, पण पुण्याच्या मैत्रिणीला बाहेरून 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून अमुक पोर्टवर आलेलं घरातल्या अमुक मशीनकडे पाठवायचा राउटरमधला नियम) तीनदा करून झालं, राउटर दोनदा रीसेट करून झाला. मध्ये एक रविवार चाललं होतं, पण आवाज अडखळत होता. न्यू जर्सीचा मित्र मधेच गप्प व्हायचा आणि मग त्याची दोन वाक्यं एकदम घाईघाईत यायची. आता तेही नाही. राउटर नवा घेऊ का?

घेऊ नका, निदान एवढ्यात तरी. मी कोल्हापूर-सांगली भागात सतरा वर्षं छोट्या ऑफिसांची आणि दवाखान्यांची नेटवर्क लावते आहे. या प्रकारच्या तक्रारीत राउटर खरंच खराब निघाला असं क्वचितच झालं. बहुतेक वेळा राउटर सांगितलेलं काम नीट करत असतो, आपण त्याला सांगितलेलं काम चुकलेलं असतं. किंवा ते काम त्याच्या हातातच नसतं.

तुम्ही ओघात लिहून टाकलेलं एक वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं: मध्ये एक रविवार चाललं होतं. म्हणजे त्या रात्री बाहेरून पायपर्यंत रस्ता होता. तेव्हा 'पोर्ट फॉरवर्डिंग कसं करायचं' हा तुमचा प्रश्न नाहीच, ते तुम्हाला जमलेलं होतं. तेव्हापासून काय बदललं आणि आता पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, नेमकं कुठे थांबतं, हे शोधायचं आहे. आणि त्या रविवारी आवाज का अडखळत होता, हा वेगळा आजार आहे. दोन्ही एकत्र धरलेत तर डोकं फिरेल.

आधी शब्द नीट वाचू. 'टाइम्ड आउट' आणि 'रिफ्यूज्ड' यांत मोठा फरक आहे. दार वाजवल्यावर आतून कुणी "आता नको" म्हटलं तर ते रिफ्यूज्ड. त्यातून निदान एवढं कळतं की दार बरोबर आहे, घरात माणूस आहे, फक्त सर्व्हर सुरू नाही किंवा पोर्टचा आकडा चुकलाय. टाइम्ड आउट म्हणजे वाजवत राहिलो आणि आतून हूं की चूं नाही. एक तर दार चुकलंय किंवा आवाज आतपर्यंत पोचतच नाही. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. त्यामुळे मम्बलच्या सेटिंगमध्ये उगाच हात घालू नका, घरात ते चालतंय.

आता पाच मिनिटांचं काम. राउटरच्या पानावर जा, स्टेटस किंवा वॅन असं लिहिलेल्या ठिकाणी बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता दिसेल तो कागदावर लिहा. मग घरच्याच वायफायवरून 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडा आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता (ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे) त्याखाली लिहा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर सुटलात, पुढचं सगळं तुमच्या हातात आहे. वेगळे असतील तर तुमच्या आणि जगाच्या मध्ये आणखी एक राउटर बसलाय, आणि तो कुणाचा आहे हे त्या पहिल्या पत्त्यावरून कळतं.

पहिला पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा मधला राउटर तुमच्याच घरात आहे. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला पांढरा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो स्वतःच राउटरचं काम करतो आणि त्याच्या मागे तुम्ही हौसेने घेतलेला दुसरा राउटर. घरातली सगळी मशीन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याला नॅट म्हणतात; इथे ते दोनदा होतं, म्हणून डबल नॅट. फॉरवर्डिंग तुम्ही दुसऱ्यावर केलंत, पहिल्याला त्याचा पत्ताच नाही. उपाय तीन. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसतं पुढे धाडणारा) टाकून घ्यायचा आणि लॉगिन तुमच्या राउटरवर करायचं; किंवा तुमचा राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे फक्त वायफाय देणारा डबा) म्हणून चालवायचा; किंवा दोन्ही ठिकाणी फॉरवर्डिंग करायचं. तिसरा उपाय गलिच्छ दिसतो पण चालतो. ब्रिज मोड सगळ्यात स्वच्छ, फक्त ओएनटीला लँडलाइनचा फोन जोडलेला असेल तर आधी कंपनीला विचारून घ्या, नाहीतर मम्बल सुरू आणि आईचा फोन बंद असं होईल.

पहिला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तो मधला राउटर कंपनीचा आहे. हा १००.६४ ते १००.१२७ चा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले होते, जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले होते. मग शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायचा, अशी पद्धत रूढ झाली. तिला सीजीनॅट म्हणतात. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. वाड्याचं उदाहरण घ्या: तुमचा राउटर हे तुमच्या खोलीचं दार, पण दिंडी दरवाजा कंपनीच्या ताब्यात. खोलीचं दार सताड उघडं ठेवलंत तरी पाहुणा दिंडीवरूनच परत जाणार.

यात एक फसवणारी जागा आहे. टेलस्केल (दूरदूरची मशीन आपसांत खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तेही कॉम्प्युटरला याच १०० च्या पट्ट्यातला पत्ता देतं. तो पाहून सीजीनॅट समजू नका. पत्ता राउटरच्याच पानावरचा बघायचा, लॅपटॉपवरचा नाही.

हे मी एवढं ठासून का सांगते? काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातले कॅमेरे डॉक्टरांना घरून दिसावेत म्हणून मी दोन संध्याकाळी घालवल्या. फॉरवर्डिंगचं पान पाठ झालं होतं. कंपनीच्या माणसाला फोन केला की तो म्हणायचा, "मॅडम, आमच्याकडून पोर्ट ओपन आहे." तिसऱ्या दिवशी वॅनचा पत्ता पाहिला, १०० ने सुरू होणारा. आधी पाहिला असता तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. तेव्हापासून कुठेही गेले की हे पान पहिलं उघडते, चहा त्यानंतर.

तुमच्या बाबतीत सीजीनॅट असेलच असं मी म्हणत नाही. एक रविवार चाललं होतं म्हणजे तेव्हा तरी नसावं. पण प्लॅन बदलला, कनेक्शनचं नूतनीकरण झालं किंवा कंपनीने आपल्या बाजूला काही बदल केले की ग्राहक गुपचूप सीजीनॅटमागे जाऊ शकतो. तसं निघालं तर कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. कुठे तो जादा पैशांत मिळतो, कुठे घरगुती प्लॅनवर मिळतच नाही. मिळत नसेल तर काय, ते पुढे सांगते.

समजा दोन्ही पत्ते सारखे निघाले. मग माझा पहिला संशय तुमच्या त्या दोन रीसेटवर आहे. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबणं वेगळं. पिन घातली असेल तर फॉरवर्डिंगचा नियम पुसला गेला, पायसाठी काही पत्ता राखून ठेवला असेल तर तोही गेला. तुम्ही नियम परत लिहिलात, पण कुठल्या पत्त्यासाठी? जुन्या वहीतून १९२.१६८.१.१०५ असा आकडा उतरवला असेल आणि पायला आता १०८ मिळाला असेल, तर राउटर इमानेइतबारे सगळं १०५ कडे ढकलतोय. तिथे आता कुणाचा तरी टीव्ही असेल. लाइट जाऊन आल्यावरही हेच होऊ शकतं, सगळी उपकरणं एकदम जागी होतात आणि ज्याला जो पत्ता मिळेल तो.

यावर उपाय म्हणजे डीएचसीपी रिझर्वेशन. काही राउटरवर त्याला अ‍ॅड्रेस रिझर्वेशन किंवा आयपी-मॅक बाइंडिंग म्हणतात. पायच्या मॅक पत्त्याशी (उपकरणाच्या जोडणीचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा बांधून टाकायचा. पायला वायफायचा मॅक वेगळा आणि केबलच्या पोर्टचा वेगळा असतो हे लक्षात ठेवा. एकाचं रिझर्वेशन करून दुसऱ्याने जोडलं तर काही उपयोग नाही. आणि सर्व्हर आहे तर कृपा करून केबलच लावा.

दुसरा संशय: घराचा बाहेरचा पत्ताच बदलला आणि मैत्रिणीने जुना आकडा सेव्ह करून ठेवलाय. स्टॅटिक आयपी नसेल तर लाइन तुटून परत जोडली की नवा आकडा मिळू शकतो. डायनॅमिक डीएनएसचं एखादं मोफत नाव घ्या, राउटरमध्येच त्याची सोय बहुधा असते, आणि सगळ्यांना आकड्याऐवजी ते नाव द्या. पण सीजीनॅट असेल तर हे नावसुद्धा कामाचं नाही, ते लोकांना दिंडी दरवाजापर्यंतच आणून सोडेल.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणी कुठून करता. घरात बसून, घरच्याच वायफायवरून, घराचा बाहेरचा पत्ता टाकून जोडायला जाल तर अनेक राउटर नकार देतात. बाहेर जाऊन वळसा घालून परत आत येणं, म्हणजे नॅट लूपबॅक, त्यांना जमत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने नीट चालणारी मांडणी याच कारणाने तीनदा मोडली. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि तिथून जोडून बघा.

आता पॅकेट प्रत्यक्ष बघू, सगळ्या अंदाजांपेक्षा हे भारी. पायवर टीसीपीडम्प नावाचा छोटा प्रोग्राम टाका आणि त्याला फक्त ६४७३८ पोर्टवरची ये-जा दाखवायला सांगा. हा मम्बलचा ठरलेला पोर्ट. (जुन्या कमोडोर ६४ वर 'सिस ६४७३८' टाइप केलं की मशीन रीसेट व्हायचं. तुम्ही ते टाइप न करताच राउटर दोनदा रीसेट केलात.) आता मैत्रिणीला फोन करून जोडायला सांगा आणि स्क्रीनकडे बघत बसा. प्रत्येक पॅकेटला एक ओळ येते: वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता, बाण, जिथे पोचायचं तो पत्ता, मग कंसात एक अक्षर.

एकही ओळ आली नाही तर पॅकेट पायपर्यंत पोचलेलंच नाही. दोष राउटरचा, कंपनीचा किंवा मैत्रिणीने टाकलेल्या पत्त्याचा. पाय निर्दोष सुटला. 'एस' अक्षराच्या ओळी थोड्या थोड्या वेळाने परत परत येत असतील आणि उलट दिशेची ओळ नसेल, तर पॅकेट दारात आलंय पण आतला फायरवॉल, म्हणजे पहारेकरी प्रोग्राम, ते गिळतोय. पायवर तुम्ही यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू केला होता का आठवा. फक्त घरातल्या पत्त्यांना परवानगी दिली असेल तर घरात चालेल आणि बाहेरून नाही, अगदी तुमच्यासारखंच. दोन्ही दिशांच्या ओळी असतील आणि तरी मैत्रीण 'टाइम्ड आउट' म्हणत असेल, तर उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय. पायवर एखादा व्हीपीएन चालू असेल तर उत्तर त्या वाटेने निघून जातं. व्हीपीएन बंद करून परत बघा.

याच जागी तुमचा दुसरा आजार पण दिसेल. मम्बल एकाच आकड्याचे दोन रस्ते वापरतं, ६४७३८ टीसीपी आणि ६४७३८ यूडीपी. जोडणं, नावांची यादी, लिखित गप्पा हे टीसीपीवर. आवाज यूडीपीवर, आणि यूडीपी मिळालंच नाही तर तो मुकाट टीसीपीतून धाडला जातो. टीसीपीचा स्वभाव कारकुनाचा: एक कागद हरवला की तो सापडेपर्यंत मागचे सगळे थांबवायचे, मग गठ्ठा एकदम पुढे. तुमचा न्यू जर्सीचा मित्र मधेच गप्प होऊन दोन वाक्यं एकदम बोलतो ते यामुळे असणार. यूडीपीला हरवलेल्या कागदाची फिकीर नसते. एखादा अक्षराचा तुकडा गेला तर गेला, संभाषण पुढे चालू.

फॉरवर्डिंगच्या पानावर प्रोटोकॉलचा एक छोटा ड्रॉपडाउन असतो. अनेक राउटरवर तो मुळात टीसीपीवरच असतो आणि घाईत कुणी तिकडे बघत नाही. तो 'बोथ' करा, तशी सोय नसेल तर यूडीपीचा दुसरा नियम लिहा. आणि पोर्ट उघडा आहे का हे सांगणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका, त्या बहुधा टीसीपीच तपासतात. हिरवी खूण दिसते, तुम्ही खूश होता, आवाज मात्र तसाच. खात्री करायची तर मम्बलमध्येच सर्व्हरच्या माहितीची खिडकी उघडा. तिथे टीसीपी आणि यूडीपीचे आकडे वेगवेगळे दिसतात. यूडीपीच्या बाजूला काहीच हलत नसेल तर निदान झालं.

यूडीपीचा नियम बरोबर असूनही रात्री आठला चांगलं आणि दहाला खराब असं होत असेल, तर घरातलं अपलोड बघा. कुणाच्या फोनवरचे फोटो क्लाउडवर चढत असतील तर राउटरच्या रांगेत आवाजाची पॅकेट त्यांच्या मागे उभी राहतात. राउटरवर एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा. नसेल तर वाचनाच्या वेळी बॅकअप बंद.

लोक आणखी बरेच सल्ले देतील. 'सिप एएलजी' बंद करा म्हणतील. सिप ही इंटरनेटवरून फोन करायची पद्धत, मम्बल ती वापरतच नाही, त्याने तुमचं भलंही होणार नाही आणि वाईटही. 'डीएमझेडमध्ये टाका' म्हणतील. तपासण्यापुरतं दहा मिनिटं ठीक, कायमचं नको. त्याने पायचे सगळे पोर्ट जगाला उघडे होतात आणि पायचा पासवर्ड तुम्ही काय ठेवलाय ते मला विचारायचं नाहीये. यूपीएनपीबद्दलही (प्रोग्रामने स्वतःच राउटरवर पोर्ट उघडून घ्यायची सोय) माझं मत तेच: एक पोर्ट हवाय तर एक नियम हाताने लिहा.

आता सीजीनॅट निघालं आणि पब्लिक आयपी मिळत नाही असं धरू. माझा पहिला पर्याय आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत. त्याच्या वापरात भारत जगात आघाडीच्या देशांत आहे आणि तुमच्या लाइनवर ते न मागता आलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. पायला २४ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतोय का बघा. तिथे नॅटची भानगड नसते, पण राउटरचा फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतो, त्यामुळे फॉरवर्डिंगच्या पानावर नाही तर आयपीव्ही६ फायरवॉलच्या पानावर परवानगी द्यायची. काही ओएनटीवर ते पानच नसतं. असलं तरी ग्राहकाला दिलेल्या लॉगिनमधून दिसत नाही. शिवाय आठही जणांकडे आयपीव्ही६ हवं. एकाकडे नसेल तर तो बाहेर.

दुसरा पर्याय टेलस्केल किंवा तसंच काही सगळ्यांच्या मशीनवर टाकणं. आठ माणसांना ते झेपतं, पण त्यांपैकी एक जण ते टाकताना तुमचा रविवार खाणार हे गृहीत धरा. तिसरा, आणि मला विचाराल तर सगळ्यात कमी कटकटीचा, म्हणजे महिन्याच्या भाड्याने छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला सर्व्हर) घेऊन मम्बल तिथेच ठेवणं. मम्बलची भूक फार कमी असते, सगळ्यात लहान मशीन पुरतं. मुंबईतलं डेटा सेंटर निवडा. पाय तुमच्या घरात निवांत राहील आणि लाइट गेली तरी वाचन थांबणार नाही.

पुण्याच्या मैत्रिणीची बाजूही एकदा तपासा. ती हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर असेल तर तिथेच ६४७३८ सारखे मोठ्या आकड्यांचे पोर्ट बंद असू शकतात. तिलाही एकदा मोबाइल डेटावरून जोडायला सांगा. तेवढ्याने चाललं तर तुमच्या राउटरची मी वरच्या सगळ्या परिच्छेदांबद्दल माफी मागते.

हे करून अडलंच तर मला तीन गोष्टी कळवा: वॅनच्या पत्त्याचे फक्त पहिले दोन आकडे (पूर्ण पत्ता कुणालाच देऊ नका), मैत्रीण जोडत असताना टीसीपीडम्पमध्ये ओळी आल्या की नाही, आणि फॉरवर्डिंगच्या नियमात लिहिलेला घरातला पत्ता पायच्या आजच्या पत्त्याशी जुळतो का.

आणि न्यू जर्सीच्या मित्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. यूडीपी सुरू झालं की त्याचा आवाज सलग येईल, पण किंचित उशिरा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद तिथेच गेले, आणि समुद्राखालच्या तारा काही सरळ जात नाहीत. प्रत्यक्षात दोनशेच्या वरच आकडा दिसेल. त्यावर कुठल्याच राउटरमध्ये सेटिंग नाही. त्याला शाब्दिक चकमकीची भूमिका देऊ नका, स्वगत द्या.